साठ वर्षांत चार बोटं

ताई,
माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावरच्या गावात. घर, घरामागे माड-पोफळीचं आगर, आगराच्या टोकाला चिऱ्यांचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, आणि गडग्यापलीकडे पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. आगर बाबा आणि काकांच्या नावावर सामायिक आहे. आम्ही सगळे ठाण्याला, काका गावी. चुलतभावाची पुण्यातली नोकरी गेल्यापासून तोही गावीच असतो. काकांना कर्ज काढून गडग्याला लागून पर्यटकांसाठी चार खोल्या बांधायच्या आहेत. मी म्हटलं, समुद्राची पातळी वाढतेय, तिथे पैसे घालू नका. तेव्हापासून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रणकंदन चालू आहे. चुलतभाऊ रोज एक व्हिडिओ टाकतो. ग्लासातला बर्फ वितळला तरी पाणी वाढत नाही, मालदीव अजून बुडालं नाही, एक ना दोन. मी २०५० मध्ये मुंबई पाण्याखाली जाणार त्याचा नकाशा टाकला, तर काका म्हणाले, "बाय, मी साठ वर्षं रोज हा समुद्र बघतोय, एक इंच वर आलेला नाही. तू ठाण्यात बसून मला समुद्र शिकवू नको." वर हेही, की सासरी गेलेल्या पोरीने आगराची काळजी करू नये. बाबा म्हणतात, गप्प बस. गणपतीत सगळे समोरासमोर येणार. काकांना पटवू कसं?
– गडग्याअलीकडची

आधी तुमचं काय चुकलं ते सांगते, मग काकांकडे वळू. तो नकाशा ग्रुपवर टाकायला नको होता.

नकाशा कुठला ते माझ्या लक्षात आलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्लायमेट सेंट्रल या अमेरिकेतल्या संस्थेने किनाऱ्यालगतच्या जमिनीच्या उंचीचा नव्याने हिशेब मांडला आणि अर्धीअधिक मुंबई रंगवलेला नकाशा घरोघरच्या फोनवर पोचला. अभ्यास खोटा नव्हता. पण त्यात रंगवलेली जमीन म्हणजे २०५० च्या सुमाराला वर्षातून सरासरी एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीहून सखल असलेली जमीन, तीही बांध-भिंती न मोजता. वर्षातून एकदा पाणी चढणं वेगळं आणि कायमचं बुडणं वेगळं. फॉरवर्ड होता होता एवढं कोण वाचतो? त्याचं "२०५० मध्ये मुंबई समुद्रात" झालं. पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईच्या तेव्हाच्या पालिका आयुक्तांनीही जाहीरपणे सांगितलं, की २०५० पर्यंत नरिमन पॉइंट आणि मंत्रालयाचा ८० टक्के परिसर पाण्याखाली जाईल. काका पेपर वाचत असणार. त्याच पेपरात दक्षिण मुंबईतल्या फ्लॅटच्या जाहिरातीही असतात. दोन्ही शेजारी ठेवून ते हसले असतील, तर मी त्यांना बोल लावणार नाही.

मालदीवचंही तसंच. १९८८ साली बातमी छापून आली होती, की येत्या ३० वर्षांत हा देश पाण्याखाली जाऊ शकतो. ती ३० वर्षं २०१८ मध्ये सरली, मालदीव जागेवर आहे. तुमच्या चुलतभावाच्या हातात हे कोलीत त्या बातमीनेच दिलं. पुढची गोष्ट मात्र त्याच्या व्हिडिओत येत नसणार. १९८७ मध्ये मोठ्या लाटांचं पाणी राजधानी मालेत शिरलं, तेव्हा जपानच्या मदतीने शहराभोवती भिंत घालायला घेतली गेली. नंतर शेजारी भर घालून हुलहुमाले नावाचं बेट मुद्दाम उंच उभारलं. २००९ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी, मोहम्मद नशीद यांनी, पाठीवर हवेच्या टाक्या बांधून समुद्राच्या तळाशी मंत्रिमंडळाची बैठक घेतली. तेव्हा मीही हसले होते. मालदीव बुडालं नाही हे खरंच, पण ते लोक हातावर हात ठेवून बसलेही नाहीत.

आता काकांचं "साठ वर्षं बघतोय".

हे वाक्य तुम्हाला झोंबलं, मला आवडलं. त्यांना जे दिसलं ते बरोबरच आहे. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राची पातळी मोजली जाते. एवढी जुनी नोंद हिंदी महासागराच्या काठावर फार थोड्या ठिकाणी सापडेल. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये अशा जुन्या नोंदी एकत्र करून आपल्या भागातला वेग काढला, तो वर्षाला १.०६ ते १.७५ मिलिमीटर. सरासरी धरा १.३. त्याला साठने गुणा. येतात ७८ मिलिमीटर. तुमच्या हाताची चार बोटं जुळवून धरा, जवळपास तेवढी रुंदी.

काकांचं म्हणणं "एक इंच नाही", हिशेब म्हणतो तीन इंच. पण जिथे समुद्र रोज दोनदा पुरुषभर चढतो आणि उतरतो, तिथे साठ वर्षांत वाढलेली चार बोटं कोणाला दिसणार? आमच्या आजीलाही दिसली नसती, आणि ती तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायची. अष्टमी असेल तर आठाचे पाऊण सहा, म्हणजे सहाला भरती. दहा-वीस मिनिटांचा फरक पडायचा, पण आजोबांची होडी कधी गाळात रुतली नाही.

मग त्या चार बोटांचं एवढं काय? तर वेग तोच राहिलेला नाही. १९९३ पासून उपग्रह सगळ्या समुद्रांची पातळी सतत मोजतायत. तेव्हापासून जगाची सरासरी दहा सेंटिमीटरहून जास्त वाढली आहे. सुरुवातीला वर्षाला दोन मिलिमीटरच्या आसपास असलेला वेग आता साडेचारच्या घरात आलाय. हवामान बदलाचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने, आयपीसीसीने, २०२१ मध्ये आपला अंदाज दिला. १९९५ ते २०१४ ची पातळी शून्य धरली, तर २०५० पर्यंत साधारण एक वीत. २१०० पर्यंत मात्र आकडे फाकतात. जगाने धूर झपाट्याने कमी केला तर २८ ते ५५ सेंटिमीटर, म्हणजे सव्वा वितीपासून सव्वा हातापर्यंत. नाही केला तर ६३ सेंटिमीटर ते एक मीटर, म्हणजे दीड ते सव्वादोन हात. आणि अंटार्क्टिकाचा बर्फ कसा वागेल याची पूर्ण खात्री त्यांनीही दिलेली नाही. वाईटात वाईट झालं तर याहून जास्तही होऊ शकतं, असं ते लिहून ठेवतात.

समुद्र वर येतोय का आणि माणसामुळे येतोय का, यावर शास्त्रज्ञांत भांडण उरलेलं नाही. किती येईल आणि कधी, यावर आहे. टीव्हीवर हे दुसरं भांडण दाखवून पहिलंच अजून मिटलेलं नाही असं भासवतात, आणि तुमच्या ग्रुपवर तेच चाललंय.

ग्लासाचा व्हिडिओ दोन ओळींत संपतो. तरंगणारा बर्फ वितळला तर पाणी वाढत नाही, हे शाळेतल्या आर्किमिडीजचंच. पण ग्रीनलंडचा बर्फ ग्लासात नाही, ग्लासाशेजारच्या ओट्यावर ठेवलाय; तो वितळून आत पडला की ग्लास भरणारच. आणि बर्फ सोडा, नुसतं तापूनही पाणी फुगतं. खोबरेल तेलाची काठोकाठ भरलेली बाटली चैत्रात उन्हात विसरलात तर बुचाकडून ओघळ येतो ना, तसं. १९७१ पासूनच्या वाढीतली जवळजवळ निम्मी या फुगण्यामुळे आहे. पण हे सगळं चुलतभावाला ग्रुपवर लिहून पाठवू नका. तो दुसऱ्या दिवशी तिसराच व्हिडिओ टाकेल.

आता माझ्या घरची गोष्ट सांगते. माझं माहेर खारेपाटातलं, अलिबाग-पेणकडचं. आमची भातशेती खाडीच्या बांधाआड, भरतीच्या पातळीपेक्षा सखल. बांधाला उघाडी असते, ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायची आणि भरतीला खारं आत येऊ द्यायचं नाही. मी कॉलेजात असताना आषाढातल्या अमावास्येच्या उधाणाला आमच्याकडे बांध फुटून खांड पडली. सुरुवातीला बैलगाडी जाईल एवढी. त्या रात्री गावाने पेंढा आणि चिखल टाकून ती बुजवायला हवी होती, तशी पद्धत होती. त्याऐवजी देवळात सभा भरली. कोणी म्हणालं, उघाडीची फळी कुजली होती, दुरुस्ती सरकारी खात्याची. कोणी म्हणालं, खाडीतून बार्जेस जातात त्यांच्या लाटांनी बांध खाल्ला. माझ्या थोरल्या काकांचं मत, पूर्वी एवढं उधाण नव्हतंच. तिघांनी आपापले पुरावे आणले. खात्याकडे अर्ज गेला, त्यावर उत्तर आलं की पाहणी करण्यात येईल. दिवाळीपर्यंत खांडीतून होडी जायला लागली. भात गेलं ते गेलंच, पुढच्या काही वर्षांत तिथे खारफुटी उभी राहिली. आता ती तोडता येत नाही, आणि मी म्हणते तोडूही नये. बगळे मात्र मजेत आहेत.

तिघांचंही थोडं थोडं बरोबर होतं, हे मला फार नंतर कळलं. समुद्राची चार बोटं, बार्जच्या लाटा आणि कुजलेली फळी, तिन्ही एकाच रात्री एकाच जागी भेटली होती.

म्हणून तुमच्या गडग्याविषयी विचारते. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ चा देशाचा किनारा तपासला, त्यात सुमारे ३४ टक्के किनारा झिजताना दिसला, २७ टक्के वाढताना आणि उरलेला जैसे थे. एकाच समुद्राला लागून असूनही असं. कुठे वाळूचा उपसा होतो, कुठे जेटी किंवा धूपप्रतिबंधक बंधारा बांधला की शेजारच्या गावाची पुळण खंगते, कुठे नदी गाळ आणून टाकते. तुमची पुळण यातली कुठली ते मला इथून सांगता येणार नाही, आणि तुम्हालाही ठाण्यातून नाही. काकांना येईल. तुम्ही त्यांना चुकीचा प्रश्न विचारलात. उभं वाढलेलं पाणी डोळ्याला दिसत नाही, आडवं आलेलं दिसतं. पुळणीचा उतार पन्नास पावलांना एक पाऊल असेल, तर पाणी वीतभर चढलं की काठ दहा मीटर आत सरकतो. लाटांनी नेलेली वाळू त्यात धरलेलीच नाही. तेव्हा "समुद्र वर आलाय का" असं विचारू नका. "काका, तुमच्या लहानपणी सुरूचं बन कुठपर्यंत होतं? होड्या कुठे ओढून ठेवायचे? गडगा पहिल्यांदा कधी ढासळला आणि कोणत्या महिन्यात?" असं विचारा. साठ वर्षं बघितलेल्या माणसाला हे सगळं पाठ असतं. त्यांनी सांगितलं की पुळण वाढलीय, तर तेही ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

आणि एक. तुमच्या पत्रात चुलतभावाच्या नोकरीचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. मी तिथेच थांबले. त्या चार खोल्या म्हणजे पोराचं पोट आहे हो. समुद्र वाढतोय हे काकांनी मान्य केलं, तर मुलाला काय सांगायचं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. ग्लासातल्या बर्फाचा व्हिडिओ पाठवणाऱ्या त्या पोराला बर्फात काडीचा रस नाही. तुम्ही म्हणता "तिथे बांधू नका", त्याला ऐकू येतं "तू परत पुण्याला जा."

म्हणून खोल्यांकडे येऊ. समजा पंधरा वर्षांचं कर्ज काढलं. आजच्या वेगाने पंधरा वर्षांत समुद्र सात सेंटिमीटरही चढणार नाही. म्हणजे कर्ज फिटेपर्यंत तरी नुसत्या पातळीवाढीने खोल्या बुडणार नाहीत. हे काकांना तुम्ही स्वतःहून सांगा. तुमच्या तोंडून त्यांच्या बाजूची एक गोष्ट निघाली की त्यांचा पुढचा अर्धा तास तुमचा.

मग निसर्ग वादळाची आठवण काढा. ३ जून २०२० ला ते श्रीवर्धन-दिवेआगरजवळ जमिनीवर आलं, दापोली-मंडणगडपर्यंत आगरंच्या आगरं आडवी झाली. वटपौर्णिमेला दोन दिवस होते. तिथीच्या हिशेबाने भरती दहाच्या सुमाराला, आणि वादळ टेकलं दुपारी, पाणी उतरत असताना. तेच तीन तास आधी आलं असतं तर गडग्यापाशी काय झालं असतं, हे काका तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. अरबी समुद्र तापतोय, तिथली वादळं वाढलीत, हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या अभ्यासात आलेलं आहे. गडग्याला लागून बांधलेली खोली जाईल ती अशाच एखाद्या दुपारी. त्या दिवशी पाणी आधीपेक्षा चार बोटं वरून सुरुवात करणार, चार बोटांचं महत्त्व एवढंच.

आणि कायद्याचं काय, हे तुमच्यापैकी कोणीच काढलेलं दिसत नाही. सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, २०१९ च्या नियमांप्रमाणे, कमी वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई असते. दाट वस्तीच्या गावांना ही हद्द ५० मीटरची. दाट म्हणजे दर चौरस किलोमीटरला २१६१ हून जास्त माणसं. तुमचं गाव कुठल्या गटात आणि भरतीरेषा नेमकी कुठून जाते, ते मंजूर नकाशावर बघावं लागेल. गडग्याला लागून म्हणजे बहुतेक मनाईतच. बँकेचा माणूस आधी हेच विचारणार. समुद्राआधी खोल्या बँकेतच अडकल्या तर तुमचा निम्मा वाद वाचतो.

म्हणून जाताना दुसरा प्रस्ताव घेऊन जा. चार खोल्या नकोत, असलेल्या घराच्या रस्त्याकडच्या पडवीतल्या दोन नीट करा, तिथे पाहुणे ठेवा. पाहुण्यांना समुद्र बघायचा असतो, उशाशी घ्यायचा नसतो. आगरातून चालत पुळणीवर जाण्यात जी मजा आहे ती भिंतीआड खोली बांधून मिळत नाही, आणि त्या चालण्यात तुमचे माडही उभे राहतात. सुरुवातीच्या खर्चात तुमचे थोडे पैसे घालता येतील का बघा. बाजूला उभं राहून "नको" म्हणणाऱ्याचं कोणी ऐकत नाही. आगर सामायिक असल्यामुळे बाबांची सही लागणारच, तेव्हा बाबांनी गप्प राहून भागणार नाही, हेही त्यांना हळूच सांगा.

"सासरी गेलेली पोर" हे मात्र मी असंच सोडणार नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच, हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीपासून. बाबांच्या वाट्यात तुम्ही आहातच. पण गणपतीत हा विषय काढू नका, नाहीतर समुद्र, खोल्या सगळं बाजूला राहील आणि वाटणीचं भांडण सुरू होईल. काकूंपाशी एकदा बोलून ठेवा. त्या योग्य वेळी योग्य ठिकाणी पोचवतील; माझ्या अनुभवात काकू हे काम चोख करतात.

तुमच्याकडे अनंत चतुर्दशीपर्यंत गणपती असतो की नाही ते लिहिलेलं नाहीत. असला तर सोपं आहे. चौदाचे पाऊण साडेदहा, म्हणजे सकाळी साडेदहाला भरती, आणि दुसऱ्या दिवशी पौर्णिमेचं उधाण. भाद्रपदातली उधाणं मोठी असतात. पौर्णिमेला पाणी सगळ्यात वर येईल तेव्हा काकांना घेऊन गडग्यापाशी जा. गडग्यापासून पाण्याच्या काठापर्यंत टेपने मोजा; टेपचं एक टोक काकांना धरायला सांगा, आणि मोजमाप चुलतभावाला त्याच्या फोनमध्ये लिहू दे. चिऱ्यावर तारीख आणि तिथी घाला. पुढच्या वर्षी त्याच पौर्णिमेला परत. जाताना विहिरीचं पाणीही चाखून बघा, वैशाखात मचूळ लागतं का ते काकूंना विचारा.

खूण करायला गेरू नेऊ नका, एका पावसात धुऊन जातो. ऑइल पेंटचा छोटा डबा न्या, आणि जुना ब्रश.